पिवळ्या पिशवीतली सुई

"ओ… खंय चल्लात? थंय पेशंटच्या माणसांनी जावचा नाय!"

नर्स गौरजाने दरडावलं, तसा तो पाठमोरा तरुण वळला. मालवणातल्या त्या वीस खाटांच्या दवाखान्याच्या मागच्या अंगणात, कचऱ्याच्या खोलीचं दार उघडून तो आत डोकावत होता.

"मी पेशंटचा माणूस नाही," तो हसला. "शौनक. दवाखान्याचा कचरा कसा हाताळायचा, ते शिकवायला आलोय. पण तुम्ही तर माझीच परीक्षा घेताय — पास झालो?"

"बघू…" ओठ दाबून हसत ती म्हणाली, "आधी शिकवा तर!"

दुपारी सगळे नर्स-वॉर्डबॉय, सफाईकाम करणारी सीताकाकी, असे दहा-बारा जण बाकांवर बसले. शौनक रंगीत पिशव्या हातात धरून सांगत होता. रक्ताचा कापूस पिवळीत, सलाइनच्या नळ्या लालमध्ये… आणि सुई? सुई फक्त पांढऱ्या, कडक डब्यात. दुसरीकडे कुठेही नाही.

"आणि शिकवणाऱ्याची बडबड?" गौरजाने विचारलं. "ती कुठल्या रंगात टाकायची?"

सगळे खदखदले. शौनक मात्र शांतपणे म्हणाला, "ती टाकायची नाही. घरी घेऊन जायची."

आणि ती खरंच घेऊन गेली. भात वाढताना, केस विंचरताना… तेच वाक्य कानात!

मग तो दर गुरुवारी तपासणीला येऊ लागला. तिचा चहा नेमका त्याच वेळी व्हायला लागला. पिशव्यांचं वजन करता करता तो आपल्या गावच्या, वालावलच्या तळ्यातल्या कमळांबद्दल सांगायचा. ती उगाचच पदर नसलेल्या युनिफॉर्मचा खांदा सारखा करायची.

चौथ्या गुरुवारी सकाळी वॉर्डात धावपळ उडाली. एका म्हाताऱ्याला फिट आली. गौरजाने शेजारच्या खाटेवरच्या पेशंटला दिलेल्या इंजेक्शनची सुई घाईघाईत कापसाबरोबरच पिवळ्या पिशवीत टाकली. नंतर काढू, असं मनात म्हणाली… आणि विसरली.

दुपारी चहाचा कप घेऊन ती मागच्या दारात आली. शौनक पिशवी उचलत होता. त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं —

"आई गं!"

पातळ हातमोज्याच्या आत रक्ताचा ठिपका पसरला.

त्याने हात साबणाने, वाहत्या पाण्याखाली धुतला. बोट दाबलं नाही, चोखलं नाही. जे शिकवलं, ते सगळं केलं. पण त्याचा चेहरा उतरला होता. सुई कुणाच्या रक्ताची, कोण सांगणार? पिशवी तर अख्ख्या वॉर्डाची. तासाभरात तो सरकारी रुग्णालयात पोचला. एचआयव्हीपासून बचाव म्हणून अठ्ठावीस दिवस गोळ्या… सहा आठवड्यांनी रक्ततपासणी, तीन महिन्यांनी पुन्हा.

गौरजाने ताट तसंच बाजूला सारलं. समुद्रावर गेली, तर उभं राहवेना. घरी आली, तर बसवेना. आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी सीताकाकीला बोलावलं.

"पिशव्या तुम्ही भरता, सीताबाई. उद्यापासून येऊ नका."

"पंधरा वर्सां काम करतंय, बाय… माझ्या हातसून असां जावचा नाय," सीताकाकी रडकुंडीला आली.

"मॅडम, सुई मी टाकली." गौरजाचा आवाज चिरकला, पण ती थांबली नाही. "काकींची काही चूक नाही. काय लिहायचं ते माझ्या नावावर लिहा."

तिला लेखी नोटीस मिळाली. ज्याला ती सुई टोचली होती, तो पेशंट आदल्या दिवशीच घरी गेला होता; त्याचा पत्ता लागला नाही. सीताकाकी कामावर राहिली. पण खरं अवघड पुढेच होतं.

रविवारी दोन एसट्या बदलून ती वालावलला गेली. तळ्याच्या पायऱ्यांवर तो एकटाच बसला होता. ती उभ्या उभ्याच बोलली.

"ती सुई… माझी होती."

शौनकने मान पाण्याकडे वळवली. "जा तुम्ही," एवढंच म्हणाला.

त्यानंतरचे नऊ दिवस! फोन वाजला की हातातलं काम टाकून धावायची… आणि नाही वाजला, तर त्याहून वाईट. दहाव्या सकाळी त्याचा वाजला.

"गोळ्यांनी मळमळतंय," तो म्हणाला. "बोला काहीतरी."

ती बोलायच्या आधी रडलीच.

"रडतंस कित्याक गो? ऐक. जाड हातमोजे मी घातलेच नव्हते. आणि पिशवीकडे बघायचं सोडून… तुझ्याकडे बघत होतो. नियम दोघांनीही मोडले."

"माझा मोठा होता."

"होता," तो म्हणाला. "म्हणून नऊ दिवस लागले."

मग रोज सकाळी फोन. कधी ती बाजारातल्या बांगड्यांचा भाव सांगायची, कधी तो नुसता ऐकत राहायचा.

सहा आठवडे भरले. 'येऊ नकोस,' असं त्याने बजावलं होतं. तरी रुग्णालयाच्या व्हरांड्यात ती त्याच्या आधीच हजर! बाकावर दोघांमध्ये एका माणसाची जागा मोकळी होती. त्याचा पाय सारखा हलत होता.

"तीन महिन्यांची तपासणी होईपर्यंत," तो खाली बघत म्हणाला, "मी तुला काही विचारणार नाही, गौरजा. विचारणं बरोबर नाही."

"नको विचारू." ती सरकून ती मोकळी जागा भरत म्हणाली. "मीच सांगतंय. माका तू होयो."

"आधी रिपोर्ट —"

"रिपोर्ट वाचून नाय, शौनक. आत्ता."

त्याचा पाय थांबला. त्याने तिचा हात धरला, एवढा घट्ट की दुखावं. तेवढ्यात आतून त्याचं नाव पुकारलं.

तो बाहेर आला तेव्हा डोळे भरलेले होते आणि ओठ हसत होते. "काही नाही निघालं," तो पुटपुटला. "अजून एक तपासणी आहे… पण आज काही नाही."

उन्हात दोघं स्टँडकडे चालत निघाली. मालवणची एसटी त्यांच्या समोरून वळली, धूळ उडवत निघून गेली. ती थांबवायला दोघांपैकी कुणीही हात केला नाही.