पाण्याला बोलावलेली माणसं

हे घडलेलं आहे. विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही बघा. पण पद्मनाभांना ओळखणारा कोणीही सांगेल, की मनाने काही रचण्याइतकी कल्पनाशक्ती त्या माणसाजवळ नव्हती. छत्तीस वर्षं कारकुनी. रजेच्या अर्जातसुद्धा खरं कारण लिहायचे.

चेन्नई, नुंगंबाक्कम. मे २००४. आणि वेळ रात्रीची नाही...

भर दुपारची.

त्याच्या महिनाभर आधी पद्मनाभ मित्राबरोबर थायलंडला जाऊन आले होते. मित्र शरदचंद्र, मूळ पुण्याचे. त्यांना युद्धाच्या जागा पाहायचं वेड. पद्मनाभ तंजावरी मराठी. त्यांना वेड एकच, तिथीला पितरांना पाणी देण्याचं.

कांचनाबुरीला, महायुद्धात जपान्यांनी माणसं मरेस्तोवर राबवून बांधलेली रेल्वे आहे. तिथे गोऱ्या सैनिकांची थडगी ओळीत, प्रत्येकावर नाव. पद्मनाभांना ती टापटीप फार आवडली. मग त्यांनी गाइडला विचारलं, "आमचे तमिळ मजूर? हजारोंनी मेले म्हणतात. ते कुठे?"

गाइडने नदीकाठच्या झाडीकडे नुसता हात फिरवला.

त्या दिवशी अमावास्या. परदेशातही तीळ आणि दर्भ खिशात घेऊन फिरणारा माणूस तो. बसले नदीकाठी. दर्भाची गाठ मांडली आणि नाव-गोत्र हरवलेल्या सगळ्यांना तिच्यावर बोलावलं. या, बसा, पाणी घ्या.

"अहो पद्मनाभराव, सहलीला आलोय आपण, श्राद्धाला नाही! बस सुटतेय!"

हॉर्न वाजला. पद्मनाभ गडबडीने उठले. गाठ खिशात कोंबली.

पाणी देऊन झालं, की 'आपापल्या स्थानी जा' म्हणून ती गाठ सोडायची असते. बोलावलेल्यांना निरोप द्यायचा असतो.

तो राहिला.

त्या उन्हाळ्यात चेन्नईत नळ म्हणजे भिंतीवरची शोभा. दर तिसऱ्या दिवशी पाण्याची लॉरी यायची. बायको अंबुजा रांगेत उभी राहून बारा कुडम, म्हणजे प्लास्टिकच्या घागरी, भरायची आणि झाकून ठेवायची. घरात मुलगी हरिणी बाळंतपणाला आलेली. नववा महिना.

सहलीहून परतल्याच्या दुसऱ्याच दुपारी एक कुडम रिकामा निघाला. झाकण जागच्या जागी.

फरशी कोरडी...

"पुन्हा आंघोळ केलीत का हो?" अंबुजाच्या आवाजात रागावण्याइतकाही जोर नव्हता.

"मी? मी तर आल्यापासून ओल्या टॉवेलने अंग पुसतोय."

मग दोन कुडम. मग पाच.

एका दुपारी पद्मनाभ आडवे पडले होते. स्वयंपाकघरात लोटा कुडमाला लागला.

टक्.

घोट... घोट... घोट...

मग अनवाणी पाऊल पुढे सरकल्याचा आवाज. पुन्हा टक्. पुन्हा घोट.

हा गळा वेगळा होता.

रेशनच्या दुकानापासून तिकीट खिडकीपर्यंत सगळ्या रांगांत उभा राहिलेला माणूस. त्यांनी पडल्या पडल्या ओळखलं. ही रांग होती. स्वयंपाकघरापासून जिन्यापर्यंत.

उठून पाहिलं...

कोणी नव्हतं.

"अप्पा," आतून हरिणी म्हणाली, "कोण येतंय एवढं? माझ्या कॉटला घासून जातायत सगळे."

त्याच आठवड्यात तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीचा कागद दोनदा पाहिला. "बाळाभोवतीचं पाणी कमी होतंय. नीट पाणी पिते ना ही?"

पद्मनाभांनी मनात हिशेब केला. कुडम गेले तर लॉरी होती. हे पाणी कुठून आणणार?

घरी येऊन त्यांनी सहलीची बॅग उपसली. विजारीच्या खिशात गाठ सापडली. महिना झाला होता...

दर्भ ओला होता.

अमावास्येची वाट न पाहता ते स्वयंपाकघरात बसले. गाठ सोडली. "आपापल्या स्थानी जा," तीनदा म्हणाले.

पाऊल वाजलं नाही. एकही.

मग कानाशी, दमलेल्या आवाजात, जुन्या गावाकडच्या तमिळमध्ये कोणीतरी म्हणालं...

"आलो की, साहेब."

तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. मजुरीसाठी बोटीत बसून ही माणसं कुठून गेली होती? याच मुलखातून.

त्याच संध्याकाळी त्यांनी हरिणीला एग्मोरच्या दवाखान्यात हलवलं. रात्री ऑपरेशन झालं. मुलगी. लहानशी, पण धडधाकट. हरिणी तिथूनच परस्पर तांबरमला सासरी गेली.

सहा महिने झाले. नळाला पाणी आलं. शरदचंद्र एकदा चहाला आले, स्वयंपाकघराकडे पाहत राहिले आणि अर्धा कप टाकून उठले. पद्मनाभ रोज जेवण झालं, की बारा कुडम भरून झाकणं काढून ठेवतात. कोणी मागोमाग येईल म्हणून ते तांबरमला जात नाहीत. नात त्यांनी अजून मांडीवर घेतलेली नाही.

दर रविवारी हरिणीचा फोन येतो. "अप्पा, घेऊन येऊ का हिला?"

पद्मनाभ रिसीव्हरवर हात ठेवतात. ऐकतात.

टक्...

"नको गं," म्हणतात. "अजून रांग आहे."