नव्वद सेंटिमीटर

शाहीन मुकादमच्या पत्राला मी तीन आठवडे उत्तर दिलं नव्हतं. शाहीन माझी जुनी विद्यार्थिनी, समुद्रशास्त्रज्ञ. २०४६ साली हाताने पत्र कोण लिहितं? पण अटकेत तिचा फोन जप्त झाला होता. 'सर, समुद्र नव्वद सेंटिमीटर चढेल हा आकडा मी लोकांना घाबरवायला रचला, असं सरकारी वकील म्हणतात. तो तुमचा आहे, हे बावीस तारखेला कोर्टात सांगाल?'

माझ्या नातीने, ऋजुताने, ते वाचलं. "आजोबा, शास्त्रज्ञांनापण पोलीस पकडतात? काय केलं त्यांनी?"

"पांढरे कोट घालून बारा जण कोळशाच्या बंदराच्या फाटकात बसले. उठा म्हटलं तरी उठले नाहीत. याला सविनय कायदेभंग (कुणालाही इजा न करता, शिक्षा पत्करून कायदा मोडणं) म्हणतात."

"पण कशासाठी?"

मला नुसतं बोलून समजावता येत नाही. मी एक बाटली लाल शाईच्या पाण्याने काठोकाठ भरली, तोंडात स्ट्रॉ बसवून फट कणकेने लिंपली आणि बाटली गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवली. स्ट्रॉमधली लाल रेघ वर सरकू लागली.

ऋजुता मागे सरली. "पाणी कुणी ओतलं?"

"कुणीच नाही. तापलं की पाण्याचे कण जास्त धावपळ करतात, जास्त जागा घेतात. हे औष्णिक प्रसरण (उष्णतेने फुगणं). कोळशाच्या धुरातला वायू पृथ्वीची उष्णता अडवतो आणि ती बरीचशी समुद्रात मुरते. बर्फ वितळतो तो वेगळाच."

स्ट्रॉच्या टोकावरून एक थेंब ओघळला.

"मग नव्वद खरं?"

मी ओघळलेला थेंब पुसला. "शतकाअखेर चाळीस ते नव्वद, असं माझं गणित होतं. सरकारला दिलेल्या अहवालाच्या पहिल्या पानावर मी फक्त चाळीस लिहिलं. आम्हा शास्त्रज्ञांची ही खोडच. मोठा आकडा लिहिला की लोक हसतात. लहान लिहिला तर कुणी रागावत नाही."

"म्हणजे परीक्षेचा पेपर अवघड आहे हे माहीत असून 'सोपाय' म्हणालास!"

"हो."

"आणि समुद्र अडवायला बांधलेली गावाची भिंत?"

"चाळीस धरूनच बांधली."

"माझी शाळा भिंतीला लागून आहे, आजोबा."

मी लिहायला बसलो. तीन कागद फाडले. चौथ्यावर लिहिलं: 'नव्वद माझाच. पहिल्या पानावरून मीच गाळला. बावीसला जुन्या वह्या घेऊन येतो. मला फार भीती वाटते.'

"शेवटचं वाक्य खोडू?"

"राहू दे. त्यांनापण वाटत असेल."

वाटेत तिने विचारलं, "आता समुद्र थांबेल?"

"लगेच नाही. एवढं पाणी फार सावकाश निवतं. पण कोळशाची आच आजपासून कमी करता येते. भिंतही उंच करता येते. खरा आकडा मात्र हवा."

टपालपेटीच्या फटीत पाकीट सरकवलं, पण बोटं सुटेनात.

"सोड ना, आजोबा."

सोडलं.