मोकळं म्हणायचं नाही

सायकलीचं मला कौतुक नाही. तीस वर्षं सायकली उलट्या टांगून त्यांची पोटं बघितलीत, आता कौतुक कसलं? सायकल क्लबात गेलो ते डॉक्टरमुळे. तो म्हणाला, "मिस्त्री, दुसऱ्याच्या सायकलीची चाकं फिरवून तुमची साखर उतरणार नाही. स्वतः बसा."

बसलो. चार वर्षं झाली त्याला.

दर रविवारी सकाळी साडेसहाला माझ्या दुकानासमोर नऊ जण जमतात. हवा, ब्रेक, चेन. प्रत्येकाची सायकल मी हातानं चाचपतो, मगच निघायचं. क्लब मास्तरांचा. गणित शिकवायचे, आता रिटायर झालेत. ते रांगेत सगळ्यात शेवटी चालतात, आम्ही त्यांना शेपूट म्हणतो आणि ते रागावत नाहीत. सगळ्यात पुढे मी. मला पुढारी का केलं, तर मास्तरांच्या मते माझी नजर रस्त्यावर असते. बाकीचे देखावा बघतात.

आता कायदा सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

रांगेत पुढच्याला जे दिसतं ते मागच्याला दिसत नाही. मागच्याच्या डोळ्यांपुढे फक्त पुढच्याची पाठ. म्हणून पुढारी ओरडतो, "खड्डा, डावीकडे!" दुसरा तेच मागे ओरडतो, मग तिसरा, असं शेपटीपर्यंत. वाळू, काच, कुत्रं, उभी गाडी, सगळ्याची हाक द्यायची. एकच शब्द बंद. मोकळं.

चौक आला, दोन्ही बाजूंनी गाडी नाही, तरी पुढाऱ्यानं "मोकळं" म्हणायचं नाही. मास्तर पहिल्या दिवशी प्रत्येकाला बजावतात. "तू बघितलंस तेव्हा मोकळं होतं. मागचा येईपर्यंत असेलच असं नाही. तो तुझ्या शब्दावर मान खाली घालून येणार आणि गाडीखाली जाणार. धोका दुसऱ्याला सांगावा. मोकळं ज्याचं त्यानं बघावं." चार वर्षांत हा शब्द रांगेत कोणी उच्चारला नाही. एकमेकांना चहाला बोलावतानासुद्धा लोक "मोकळा आहेस का" म्हणत नाहीत. "रिकामा आहेस का" म्हणतात.

गेल्या थंडीत बायको म्हणाली, "मी पण येणार."

मी हसलो. ती बावन्न वर्षांची, जन्मात सायकलवर बसलेली नाही.

"दात काढू नका," ती म्हणाली. "एवढं दुकान घरचं आणि मला पायडल मारता येत नाही, लोक काय म्हणतील?"

दोन महिने गोदामांच्या मागच्या पटांगणात तिची सीट धरून धावलो. गुडघे फोडून घेतले तिनं, पण एक दिवस मी सीट सोडली आणि तिला कळलंच नाही. पार भिंतीपर्यंत गेली. तिथे एक पाय टेकून मागे वळली तेव्हाचं तिचं तोंड मी लग्नातही बघितलं नव्हतं. मास्तरांनी तिला माझ्या लगेच मागे दोन नंबरला घातलं. म्हणाले, "वहिनी, मिस्त्रींच्या पाठीवरून नजर हलवायची नाही. ते सांगतील तसं." आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "तिला धडधाकट घरी आणायचं. बाकीच्यांचं मी बघतो."

तिचा पहिलाच रविवार. कालव्याच्या कडेनं जाणारा सरळसोट रस्ता, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला तारेचं कुंपण. धुकं होतं, पण पन्नासेक पावलांवरचं दिसत होतं. रात्रभर दव पडून डांबर काळंभोर ओलं झालेलं. मागे बायकोचा श्वास ऐकू येत होता. तिची चेन जरा कुरकुरत होती. घरचीच सायकल, तेल द्यायला विसरलेलो.

तेवढ्यात पुढून हाक आली.

"खड्डा, डावीकडे!"

मला वाटलं, दुसरा एखादा क्लब पुढे असेल. बघतो तर दहा पावलांवर डावीकडे खड्डा. मी हाक मागे दिली. बायकोनं दिली, तिच्या मागच्या नर्सबाईंनी दिली, असं करत शेपटीला गेली. थोड्या वेळानं पुन्हा पुढून, "वाळू!" वळणावर खरंच वाळू. मी पायडल जोरात मारलं, म्हटलं पुढचे कोण आहेत बघू तरी. वळण गेलं, धुकंही विरळ झालं, सरळ रस्ता लांबवर दिसला. कोणी नाही.

मग मी खाली बघितलं. ओल्या डांबरावर टायर गेला की रेघ उठते. पुढे एकही रेघ नव्हती. मागे वळून बघितलं तर फक्त आमच्याच होत्या.

पेट्रोल पंपाशी थांबलो. मास्तरांना विचारलं, "तुम्हाला पुढून कोणाचा आवाज आला?"

"पुढून तुझाच येणार. दुसरा कोण आहे पुढे?"

बायको बाटली तोंडाला लावून उभी होती. म्हणाली, "अहो, प्रत्येक गोष्ट दोन-दोनदा काय ओरडता? एकदा सांगितलं तरी कळतं मला."

"दोनदा?"

"आधी एकदा लांबून, मग एकदा जवळून." तिनं तोंड पुसलं. "माझ्यासाठी करत असाल तर नका करू. नर्सबाई हसतात."

नर्सबाई खरंच हसत होत्या. "असू द्या हो. आमचे हे एकदाही सांगत नाहीत."

कुंपणावर आदळून आवाज पुढे जात असेल, म्हटलं. पण आवाज आधी आणि मी नंतर, हे काही त्या हिशोबात बसेना. मग मी हिशोबच सोडून दिला.

पुढच्या रविवारी हाक आली. त्याच्या पुढच्याही. कधी चुकली नाही. फुटकी काच म्हटलं की काच, कुत्रं म्हटलं की कुत्रं, रस्त्याच्या मधोमध बसलेलं. आणि इथे माझं चुकलं, ते कबूल करतो. मी आळशी झालो. पुढून हाक आली की आपण न बघताच मागे द्यायला लागलो. माणसाला एक जादा डोळा फुकट मिळाला की तो आपले दोन झाकतो. एकदा तर मी चक्क पाण्यावरची बदकं बघत चाललो होतो. मी, देखावा न बघणारा.

घरी मात्र चैन पडेना. दुकानात स्पोक ओढता ओढता हात थांबायचा आणि मी कान द्यायचो. कशाला, ते मलाही माहीत नाही. शेजारचा शिंपी म्हणाला, "मिस्त्री, गिऱ्हाईक समोर उभं आहे आणि तुम्ही रस्त्याकडे काय बघताय?" रस्त्यावर काही नव्हतं. तेच बघत होतो.

सहाव्या रविवारी मोठा रस्ता आला.

कालव्याचा रस्ता जिथे संपतो तिथे आडवा मोठा रस्ता आहे. टँकर, ट्रक, सगळे भरधाव. सिग्नल नाही. तिथे उतरायचं, रांग थांबवायची, ज्यानं त्यानं दोन्हीकडे बघून ओलांडायचं. मी मूठ वर केली. मूठ म्हणजे थांबा. ब्रेक दाबले, पाय टेकला. डावीकडे बघितलं.

"मोकळं!"

रस्त्याच्या पलीकडून आली हाक.

माझ्या उजव्या हाताशी काहीतरी सरकलं. बायको. मान खाली, पायडलवर जोर, माझ्या बाजूनं निघाली होती.

मी सायकल टाकून दिली आणि तिचा कॅरियर धरला. दोन्ही हातांनी. ती हँडलवर उपडी झाली.

टँकर गेला. त्याच्या वाऱ्यानं तिची ओढणी उडाली आणि पुन्हा खांद्यावर पडली.

"तुम्हीच म्हणालात," ती म्हणाली. ओठ पांढरे पडले होते. "मोकळं म्हणालात."

"मी नाही म्हणालो."

"अहो, तुमचा आवाज ओळखत नाही का मी? तीस वर्षं ऐकतेय."

मी मागे बघितलं. नर्सबाई खाली बघायला लागल्या. सगळे खाली बघायला लागले. मास्तर शेपटीकडून सायकल हातात धरून चालत आले. एरवी मला अरेतुरेच करायचे.

"मिस्त्री, हा शब्द तुम्ही काढलात," ते म्हणाले. "तोही बायकोच्या पुढे."

"मास्तर, आईशप्पथ, मी तोंड उघडलं नाही."

"मी सगळ्यात मागे होतो. मलाही ऐकू आलं."

त्या दिवशी चालत घरी आलो. सायकली हातात, सगळेच्या सगळे, प्रेताला निघाल्यासारखे.

रात्रभर मी एकच गोष्ट घोळवत होतो. तिला मी काय सांगू? माझं ऐकू नकोस? आणि हे सांगणार तरी कोणत्या तोंडानं, ज्या आवाजावर तिचा भरवसा उरायला नको त्याच आवाजानं? सकाळी म्हटलं, "सायकल बंद. दोघांचीही."

ती पोळपाट खाली ठेवून माझ्यासमोर येऊन बसली. "मी घरी बसणार नाही. बावन्न वर्षांत पहिल्यांदा कुठेतरी माझी मी जातेय. तुमचा घसा बिघडला असेल, कान बिघडले असतील, ते बघून घ्या. माझं चाक थांबवायचं नाही."

"अगं, पण जीव जाईल."

"मग बोलू नका," ती म्हणाली. "रांगेत एक शब्द बोलू नका. ओलांडायचं असलं की सायकलवरून उतरा, माझ्या मागे या आणि पाठीवर दोनदा थोपटा. थोपटल्याशिवाय मी हलणार नाही. कोणी काहीही ओरडो."

बायकोची अक्कल माझ्यापेक्षा नेहमीच बरी. मास्तरांनाही पटलं. मला पुढारी ठेवलं, पण हाका बंद. फक्त हातवारे. मी तोंडावर रुमाल बांधून चालवायला लागलो. लोक म्हणायचे, धुळीचा त्रास आहे वाटतं. मी मान डोलवायचो.

आणि पुढची हाकही बंद झाली. पहिल्या रविवारी नाही, दुसऱ्या नाही, तिसऱ्याही नाही. जिवाचा कान करून चालवायचो, पण फक्त चाकांचा आवाज आणि तिची चेन. तेल दिलं तरी कुरकुरणारी. मोठ्या रस्त्याशी आलो की मी उतरायचो, तिच्या मागे जायचो, दोन्हीकडे दोन-दोनदा बघायचो आणि थोपटायचो. दोनदा. ती जायची. पलीकडे पोचली की मी श्वास सोडायचो.

चौथ्या रविवारी नर्सबाईंचं मागचं चाक पंक्चर झालं.

मोठ्या रस्त्याच्या अलीकडे, शंभरेक पावलांवर. मी चाक काढलं, ट्यूब ओढून काढली. मास्तर आणि बाकीचे भोवती उभे, सूचना करायला. पंक्चर काढताना ज्यांना सोल्यूशन आणि गोंद यातला फरक कळत नाही तेच जास्त बोलतात.

बायको म्हणाली, "मी पुढे जाऊन उभी राहते कडेला. पाय आखडलेत."

"कडेलाच."

"माहीत आहे हो. तुम्ही आल्याशिवाय हलत नाही."

ती गेली. मी ट्यूबवर सोल्यूशन लावलं, फुंकर मारली. वाळायला वेळ लागतो. दोन्ही हातांनी ट्यूब धरून मी सहज वर बघितलं.

कडेला ती नव्हती.

मोठा रस्ता नुसता वाहत होता. ट्रकमागे ट्रक. दोन ट्रकांच्या मधल्या फटीतून पलीकडची बाजू दिसली, बंद झाली, पुन्हा दिसली.

ती पलीकडे उभी होती. एक पाय टेकून. हात हलवत.

कसा पोचलो ते आठवत नाही. मास्तर मागून ओरडत होते. पलीकडे गेलो तेव्हा हातात ट्यूब तशीच, बोटांना चिकटलेली.

"कोणी सांगितलं तुला ओलांडायला?"

"म्हणजे?" ती हसली. "तुम्हीच की. थोपटलंत आणि पुढे झालात. मी तुमच्या मागोमाग आले."

ती जराही घाबरलेली नव्हती. गाल लाल झाले होते, श्वास छान लागला होता. पटांगणातल्या भिंतीशी होती तशी.

मी तिच्या पाठीमागच्या, पलीकडे पुढे जाणाऱ्या रस्त्याकडे बघितलं. सरळ, ओला, लांबवर रिकामा.

"हो," मी म्हणालो. "मीच."

"मग ओरडता कशाला?" तिनं ओढणी सारखी केली, पायडलवर पाय ठेवला. "आणि ऐका, दोनदा ठरलं होतं ना आपलं? आज तीनदा थोपटलंत. तिसरी कशासाठी, ते सांगून ठेवा बाई. मला कळायला हवं."