पिंपातली काळी रेघ

दीक्षाच्या दारावर लाल पाटी लागली: ‘डासांचं घर’. ती लावणारा आरोग्य खात्याचा यंत्रमानव ‘तपासू’ म्हणाला, "पुन्हा अळ्या सापडल्या, तर तुमचा नळ बंद होईल."

दीक्षाच्या अंगाचा तिळपापड झाला. धाकटा यशोधन डेंगीतून उठून शाळेत जायला लागला, तोच आई त्याच तापाने फणफणली होती. त्यात वर ही पाटी! आई तर पाणी आलं की पिंप आधी विसळून घ्यायची. मग अळ्या येतात कुठून?

तपासूने पिंपात दिवा धरला. पाण्याच्या वर, कडेला बारीक काळी रेघ होती.

"ही डेंगी पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी. मादी ती पाण्यात नाही, ओल्या कडेला चिकटवते. पिंप कोरडं पडलं तरी ती महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी चढलं की अळ्या निघतात. विसळून ती जात नाहीत, घासावं लागतं."

"घासलं की धुवायला दोन बादल्या जातात," दीक्षा फणकारली. "पाणी येतं आठवड्याने. मग प्यायचं काय?"

तपासूने दिवा पिंपातून काढून टांगलेल्या कपड्यांकडे वळवला.

"आणि यशोधननंतर आईलाच का?" दीक्षाने विचारलं.

"ही मादी फार लांब जात नाही. घरातच, टांगलेल्या कपड्यांमागे बसते. यशोधनच्या रक्तातला विषाणू (रोग पसरवणारा अतिसूक्ष्म कण) आठ-दहा दिवसांनी तिच्या लाळेत उतरला. मग ती आईला चावली."

"समोरच्या टॉवरमध्ये का नाही पाटी?"

"तिथे नळ दिवसभर चालतो. पिंपं नाहीत."

"मग आमचा नळ बंद केलास, तर आम्ही पिंपं वाढवू की कमी करू?"

तपासूचे दिवे लुकलुकले. "वाढवाल. डासही वाढतील. मला फक्त घरातलं तपासायला शिकवलंय. ही चूक आहे."

त्याने पाटी काढली आणि थेट पाणी खात्याच्या फाटकावर नेऊन लावली. पाठोपाठ सगळी वस्ती गेली.

आतून साहेब तावातावाने बाहेर आले. "काढा ती आधी."

"वस्तीला रोज पाणी द्या," दीक्षा म्हणाली, "मीच येऊन काढते."

घरी येऊन तिने काथ्या घेतला आणि प्यायच्या पाण्यातल्या दोन बादल्या खर्चून पिंप घासलं. आठवडा कसाबसा निघाला. पुढच्या आठवड्यात पाणी दिवसाआड यायला लागलं. पाटी मात्र अजून फाटकावरच आहे. रोज म्हणजे रोज, असं दीक्षाने साहेबांना बजावलंय.