कुंकू लावलेला रिमोट

सत्त्याण्णव साली बारामतीच्या मार्केट यार्डात आमची मोटार भर दुपारी बोंबलायला लागली, आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं. माझ्या वडिलांनी, तात्यांनी, ती पुण्याच्या एका डॉक्टरकडून जुनी घेतलेली. चोराच्या भीतीनं डॉक्टरांनी तिला अलार्म बसवला होता. किल्लीला अडकवलेल्या रिमोटचं बटण दाबलं की तो गप्प व्हायचा. त्या दिवशी मी अंगठा दुखेपर्यंत दाबलं... छे! गुळाच्या ढेपा सोडून माणसं माझ्याभोवती जमली.

"ताई, सरका जरा."

खाकी शर्ट, खिशात टेस्टर. बॉनेट उघडून त्यानं एक वायर काढली आणि एकदम शांत झालं. मी मात्र शांत झाले नाही.

तो ऋषिराज. एसटी स्टँडमागं त्याचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. तिथं बसून त्यानं रिमोट उघडला आणि हसायलाच लागला. आत सेलच्या पत्र्यांवर हिरवा थर, आणि कडेला चक्क कुंकवाचा लगदा!

"ह्याची पूजा करता का काय?"

"मग? दर अमावस्येला आई गाडीपुढं नारळ फोडती. किल्ली ताटात असती. तिला हळदकुंकू, वरनं नारळाचं पाणी. किल्लीला लावायचं आन् रिमोटला न्हाय, असं कसं?"

जुन्या टूथब्रशला पेट्रोल लावून त्यानं पत्रे घासले. फुंकर घालताना त्याचे डोळे मिटायचे. मी कशाला बघायचं ते? पण बघितलं.

गाडीची वायर परत जोडून तो म्हणाला, "दाबा."

दाबलं. गाडीनं 'टुक' केलं.

पुढच्या अमावस्येनंतर तिसऱ्या दिवशी रिमोट पुन्हा बंद. तात्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळं गाडी मीच चालवायचे. आमच्या शेळगावहून बारामतीला जायला आयतं कारण मिळालं! त्या खेपेला मी 'मॅडम' झाले. तिसऱ्या खेपेला ताई नाही, मॅडम नाही... नुसतं "आलात?" म्हणाला. त्या एका शब्दावर मी महिना काढला.

मग एका गुरुवारी तात्यांना इंदापूरच्या तहसील कचेरीत सोडून मी जास्तीचा एक सेल घ्यायला स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. दुकानदार बापूसाहेब सहज म्हणाले, "बारामतीच्या ऋषिराजकडनं बसवून घ्या, पण लवकर. सोमवारी चाललाय पुण्याला, कंपनीत लागलाय."

अमावस्येला दहा दिवस होते. रिमोट ठणठणीत. माझा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. आमटीत दोनदा मीठ पडलं, दारातून उगाच सतरा चकरा झाल्या. तो गेला आणि मी काहीच बोलले नाही, तर? शुक्रवारी संध्याकाळी मी रिमोट उघडला, आईच्या करंड्यातलं चिमूटभर कुंकू आत टाकलं, आणि खात्री म्हणून सेलही उलटा घातला.

शनिवारी त्यानं रिमोट उघडला, आणि बघतच राहिला.

"कुंकू कोरडं हाय."

"असंल."

"नारळाचं पाणी न्हाय. अमावस्या न्हाय." त्यानं मान वर केली. "आन् सेल उलटा. त्यो काय नारळानं केला?"

हसावं की रडावं कळेना. "सोमवारी चाललाय तुमी! मला कुणी सांगितलं? इंदापूरच्या दुकानदारानं! मी काय अमावस्येची वाट बघत बसायचं?... तुमी मला आवडता. झालं? बसवा आता सेल सरळ."

त्याच्या हातातून सेल सटकला आणि टेबलाखाली गडगडत गेला. तो शोधायला खाली वाकला. बराच वेळ वर आलाच नाही. मग खालूनच आवाज आला...

"पयल्याच दिवशी सांगता आलं असतं. पूजेला रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, म्हणून. न्हाय सांगितलं."

"का?"

"तुमी परत आला नसता."

मी तिथंच स्टुलावर बसले.

"मग पुण्याला...?"

"जायला लागंल. शब्द दिलाय." तो वर आला, केसाला जळमट, हातात सेल. "पण सोमवारच्या आदी रविवार असतोय की."

रविवारी तो एसटीनं शेळगावला आला. 'रिमोटवाला आलाय' म्हणून आईनं चहा ठेवला. मी आईच्या मागं दाराला धरून उभी. त्यानं खिशातून घडी घातलेली प्लॅस्टिकची पिशवी काढली.

"मावशी, पूजेला रिमोट ह्यात घालत चला. आता तो बिघडायची गरज न्हाय."

तात्यांनी कप बशीत ठेवला. "आता म्हंजी? आदी व्हती का गरज?"

ऋषिराजनं पिशवीची परत घडी घातली. त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि मी आईच्या मागून पुढं आले.

"व्हती, तात्या," मी म्हटलं. "आमा दोघांनाबी."