शून्य टक्के उजेड

बसा. हा फोन तेवढा उलटा ठेवते, मग सांगते. वाजला तर हात लावू नका. मीही लावणार नाही.

रिसोडला बसस्टँडच्या मागं माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. बाईमाणूस स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसते म्हणून लोक आधी गंमत बघायला यायचे, मग गपगुमान दुरुस्तीला यायला लागले. उत्तमराव त्यांतलेच. गावाबाहेर त्यांचा हळद पॉलिश करायचा कारखाना. शिजवून वाळवलेली हळद जाळीच्या मोठ्या लोखंडी ड्रममध्ये भरतात, ड्रम गरगर फिरतो आणि हळकुंडं घासून घासून चकाकतात. धूळ इतकी उडते की तिथून घरी आले की माझ्या नाकातूनही पिवळं निघायचं.

ड्रम चालवणारा जगदेव काचेच्या केबिनमध्ये बसायचा. पण ती काच तासाभरात पिवळी व्हायची, पलीकडचं काही दिसायचं नाही. म्हणून ड्रमच्या तोंडावर कॅमेरा आणि केबिनमध्ये मॉनिटर. दोन मॉनिटर धुळीनं मेले, तेव्हा उत्तमरावांनी तिसरा पत्र्याच्या पेटीत घातला, पुढं काच लावली आणि पेटी सील केली. मॉनिटरची बटणं राहिली आत. दोन दिवसांनी जगदेवचा फोन.

"ताई, त्या उजेडानं डोये फुटून राह्यले. पेटी फोडू का?"

"फोडू नको. मी करते."

कॉम्प्युटरचं चित्र ज्या वायरीतून मॉनिटरला जातं, त्याच वायरीतून उजेड कमी-जास्त करायचा हुकूमही जातो. त्याचं एक छोटं सॉफ्टवेअर असतं. ते मी कारखान्याच्या कॉम्प्युटरवर टाकलं आणि इंटरनेटवरून माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरला जोडून घेतलं. कॅमेऱ्याचं चित्रही माझ्या पडद्यावर दिसायचं. जगदेवनं फोन करायचा, मी दुकानात बसून पट्टी सरकवायची. दुपारी चाळीस टक्के, संध्याकाळी सत्तर. मला स्वतःचंच फार कौतुक वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

ड्रम साफ करायचं काम हरीओमकडे. आत हळद असतानाही तो शिरून जाळीत अडकलेले तुकडे खरवडून काढायचा. त्यानंच ड्रमच्या दाराशी एक बल्ब बसवला होता. दार उघडलं की पेटायचा, लागलं की विझायचा. शेडमध्ये एरवी अंधारच. त्यामुळं जगदेवचा नियम सोपा होता. "पडदा काया म्हंजे दार बंद. दार बंद म्हंजे बटन दाब." दोन वर्षं तो नियम एकदाही चुकला नव्हता.

मी शेवटची गेले तेव्हा हरीओम ड्रममधून डोकं काढून हसला होता. "ताई, पुढच्या हप्त्यात लग्नाले या बरं. मी तं आधीच पिवळा हाय, हळद लावाचं कामच नाही."

त्या दिवशी दुपारी दोन चाळीसला मी जेवायला उठले. जाताना माझा मॉनिटर बंद न करता त्याचा उजेड शून्यावर न्यायची माझी सवय. तसं केलं. पट्टी शून्यावर गेली, पण पडदा काही काळा होईना. म्हटलं, झालं हँग. पोटात कावळे ओरडत होते. फोन चार्जिंगला तसाच ठेवला, शटर ओढलं, कुलूप लावलं आणि घरी गेले.

सव्वातीनला परत येऊन बघते तर पट्टी माझ्या मॉनिटरची नव्हतीच. माझ्या मॉनिटरची आणि कारखान्याची, पट्टीच्या दोन्ही खिडक्या सारख्याच दिसतात. मी कारखान्याचा उजेड शून्य केला होता. इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. उजेड कमी होतो तो तिकडच्या मॉनिटरचा, चित्राचा नाही. केबिनमधला पडदा मिट्ट काळा होता, पण माझ्या पडद्यावर कारखान्याचं चित्र लख्ख होतं. म्हणजे मी उठले तेव्हा तिथं बल्ब जळत होता. ड्रमचं दार उघडं होतं. मी त्या चित्राकडं बघितलंच नव्हतं... मी मुकाट्यानं पट्टी चाळीसवर आणली.

ड्रम चार मिनिटं फिरला होता. पहिल्याच गिरकीत उघडं दार आदळून लागलं होतं. हळकुंडांच्या खळखळाटात काहीतरी जड आपटत होतं, असं बाहेरच्या बाया सांगतात. बंद करून दार ओढलं तर आधी हळद सांडली, मग तो. जबडा निखळलेला, पाठीची कातडी जाळीला चिकटून राहिलेली. हळदीत रक्त मिसळलं होतं आणि त्याचं झालं होतं ओलं कुंकू.

त्याच्या आईनं, सोजरबाईनं, कोणाला त्याचं अंग धुऊ दिलं नाही. आमच्याकडं हळद लागलेल्या नवरदेवाला हातात लोखंड दिल्याशिवाय एकटं सोडत नाहीत. "हळद लागली हाय माह्या लेकाले," ती म्हणाली, "तसाच कसा धाडू?" आणि घरचा अडकित्ता तिनं त्याच्या मुठीत दाबून बसवला. तो मुठीत घेऊनच हरीओम चितेवर गेला.

जगदेवचं आणि हरीओमचं धुऱ्यावरून जुनं भांडण. एकमेकांच्या शेताला लागून शेत, मधला बांध कोणाचा, एवढंच. पण लोकांना तेवढं पुरलं. जगदेवला केबिनमधून ओढून काढलं, फावड्याच्या दांड्यानं दोन्ही कोपरं फोडली, तोंडात मूठमूठ हळद कोंबली. "पडदा काया होता, देवा शप्पथ काया होता," एवढंच तो ओरडत होता. पोलिसांनी येऊन पडदा बघितला. पडदा चाळीस टक्क्यांवर स्वच्छ दिसत होता. खुनाचा गुन्हा लागला.

आणि मी गप्प बसले. घाबरले, दुसरं काही नाही. माझी रंजीता सहा वर्षांची आहे.

तेराव्या दिवशी सुरू झालं. दुपारी, भर उन्हात, बाहेर रसवंतीची घुंगरं वाजत असताना. माझ्या पडद्यावरची पट्टी आपोआप सरकायला लागली. चाळीस, तीस, दहा, शून्य. पडदा काळा झाला आणि दुकानात कच्च्या हळदीचा वास भरला. मग काचेच्या आतून आवाज आला. टक... टक... लोखंडाचा काचेवर. चार मिनिटांनी उजेड परत चाळीसवर आला. बघते तर माझी दोन्ही कोपरं सोलून निघाली होती.

मॉनिटर बदलला, सॉफ्टवेअर काढून टाकलं, एक दिवस प्लगच उपसून ठेवला. दोन चाळीसला उपसलेला मॉनिटर आधी उजळला आणि मग विझत गेला. रोज चार मिनिटं. एके दिवशी अंगठ्याचं नख गेलं, एके दिवशी दाढ हलली, एके दिवशी पाठीची साडी उघडून बघते तर खालपासून वरपर्यंत जाळीचे वण. मी पुऱ्या बाह्यांचे ब्लाउज शिवून घेतले, पण तोंड उघडलं नाही.

मग मंजुषा आली, जगदेवची बायको. अडीचला आली आणि स्टुलावर बसून राहिली.

"ताई, उद्या त्यायले जेलात नेऊन राह्यले. तुमी फक्त एवढं सांगा, तो पडदा कधी काया होऊ शकते का?"

"नाही," मी म्हणाले. "माझं काम पक्कं असतं."

हे मी म्हणाले. याच तोंडानं.

ती उठली नाही. घड्याळात दोन चाळीस झाले, पट्टी सरकली, पडदा काळा झाला. टक... टक...

"ताई... हे काय वाजून राह्यलं?"

माझं मनगट कोणीतरी धरलं. खरखरीत, कोरडा हात, धुळीनं माखलेला. त्यानं मला टेबलावरून ओढलं आणि माझं कपाळ काचेवर आपटलं. एकदा. दोनदा. काच तडकली. मंजुषानं मला कमरेला मिठी मारून मागं खेचलं, आणि पलीकडून तो खेचत होता. तिसऱ्यांदा आपटलं तेव्हा तडकलेल्या काचेपलीकडं मला लोखंडाची गोल भिंत फिरताना दिसली.

"मी केलं!" मी किंचाळले. "शून्य मी केलं होतं! जगदेवचा काही दोष नाही!"

हात सुटला. उजेड आला. मंजुषाच्या अंगावर माझं रक्त होतं आणि माझ्या मनगटावर पाच पिवळी बोटं. तिनं पदर फाडून कपाळाला बांधला आणि हाताला धरून ठाण्यात घेऊन गेली.

मी सगळं लिहून दिलं. कारखान्याच्या कॉम्प्युटरमध्ये नोंद सापडली, दोन चाळीस, उजेड शून्य. जगदेव सुटला. माझ्यावर खटला चालू आहे, चालू दे. हरीओमच्या भावांनी दुकानाचं शटर फोडलं, तेही फोडू दे. त्या दिवसापासून पडदा कधी विझला नाही. मला वाटलं, फिटलं.

गेल्या महिन्यात जगदेव दुकानात आला. दोन्ही हात प्लास्टरमध्ये, मंजुषा पाणी पाजत होती. मी पाया पडायला वाकले तर तो मागं सरला.

"ताई, एक इचारू? तुमी ठाण्यात सारं सांगतलं. मंग फोनचं काहून नाही सांगतलं?"

"कोणता फोन?"

"पडदा एकदम काया झाला, तं मले शंका आली. म्या बटन दाबाच्या आधी तुमाले फोन लावला. तुमी म्हणल्या, दार बंद हाय, चालू कर. तवा म्या दाबलं."

"मी?"

"तुमचाच आवाज. म्या पोलिसाईले नाही सांगतलं. म्हटलं लोक तुमालेही मारतीन, तुमाले लेकरू हाय."

त्यानं दोन्ही कोपरं फोडून घेतली होती, पण माझं नाव घेतलं नव्हतं. मी भिंतीला टेकून रडले. मग फोन काढून मागच्या नोंदी बघितल्या. त्या तारखेला जगदेवचा कॉल होता. दोन एक्केचाळीस, उचललेला, चार मिनिटं. त्या वेळी मी घरच्या वाटेवर होते. फोन कुलूपबंद दुकानात होता, त्या मॉनिटरच्या समोर.

त्या क्षणी हरीओम अजून जिवंत होता. मग फोन कोणी उचलला?

आता रोज दुपारी हा फोन वाजतो. नंबर रोज वेगळा, कधी शेलूबाजारचा, कधी आसेगावचा. पलीकडं बोलताना ऐकू येतात ती खरीखुरी माणसं. कोणाची कसली मशीन असेल, मला माहीत नाही. मी परत फोन लावते तेव्हा कोणी उचलत नाही. हा फोन मात्र दोनदाच वाजतो, आणि मी हात लावायच्या आधीच आपोआप उचलला जातो. मग आतून माझाच आवाज येतो, अगदी गोड, गिऱ्हाइकाशी बोलते तसा.

"हो, दार बंद आहे. चालू कर."