फिरतं पाणी

मुरबाडचा कारखाना बंद पडला आणि महिपत घरी बसला, पण त्याचे हात काही बसले नाहीत. उमर बॉयलरवर गेली, तरी जीव सगळा कीर्तनात. सिद्धगडाच्या पायथ्याला त्याचं गाव. गावात सप्ताह असला की मृदंगावर महिपत, आणि आसपासच्या भजनी मंडळांच्या मृदंगांच्या तोंडांवर कातड्याच्या नव्या पुड्या चढवायचा तोही महिपतच. डाव्या करंगळीला बॉयलरचा चटका बसून ती आखडलेली, त्यामुळे त्याची थाप पडता पडता किंचित घसरायची. कीर्तनकार कोंडूबुवा म्हणायचे, त्या घसरण्यातच गोडी आहे.

आदल्या माघात मात्र त्याची मान खाली गेली होती. काल्याच्या कीर्तनात कोंडूबुवा ऐन रंगात आलेले, अभंगाचं शेवटचं चरण उचललेलं, आणि दवाने भिजलेली पुडी नुसती धप्प बोलली. बुवांनी टाळांवर कीर्तन तडीस नेलं. "पुडीला थंडी वाजली रे," एवढंच हसून म्हणाले. ते हसू महिपतला वर्षभर टोचत राहिलं. यंदाच्या काल्याला मृदंग बोललाच पाहिजे, असं त्याने मनाशी घेतलं.

घराला लागून जीपची शेड होती. जीप केव्हाच विकली, शेडीत मृदंगाची खोडं आणि कातडी आली. २००५ साली, पौषातली म्हसा गावची जत्रा उठताच महिपतने शेडीची जमीन खणली. बाहेर तांब्याचा मोठा बंब मांडला, बंबातून निघालेला पाइप जमिनीतून नागमोडी फिरवून परत बंबाला जोडला, पाणी ढकलायला कूलरचा छोटा पंप बसवला. वर कोबा. बंबात जाळ घातला की कढत पाणी जमिनीखालून फिरायचं, शेड उबदार व्हायची आणि कातडी कोरडी राहायची. ऊब बाहेर जाऊ नये म्हणून दाराखिडकीची फट ना फट त्याने चिंध्या कोंबून बुजवली.

"कोंबडी बसते तसे बसता नुसते," त्याची बायको भागी हसायची. "अंडी कदी घालता?"

"मृदंगच घालीन गो एकदम!"

पाइपांखाली त्याने भाताचं तूस पसरलं होतं, आणि तुसात जुन्या पुड्या. रीत अशी, की कीर्तनात वाजलेली पुडी उकिरड्यावर टाकायची नाही, वाहत्या पाण्यात सोडायची. पण नदीला त्या दिवसांत डबकीच उरलेली, आणि घरात पोतं भरलेलं. त्यात त्याच्या बापाच्या हातच्या पुड्या होत्या, वारलेल्या लडकूमामाच्या होत्या. महिपतला वाटलं, पाणी तर इथंही वाहतंच की. त्याने हात जोडले आणि पुड्या तुसात अंथरल्या.

कोंडूबुवा नवा मृदंग बघायला आले, तेव्हा त्याने हे कौतुकाने सांगितलं. बुवांनी कोब्यावर टेकलेला हात उचलून घेतला.

"वाहतं पाणी पुढं जातं, महिपत. तुझं फिरून फिरून तिथंच येतं."

"पाणीच ना ते, बुवा?"

"सप्ताह झाला की काढ त्या. माझं ऐक."

कोब्याखाली टक् टक् वाजलं. बुवांनी मान वळवली.

"पाणी फिरतंय नुसतं," महिपत म्हणाला. तापलेला पाइप बोलतोच. बॉयलरवाल्याला त्यात नवल नव्हतं.

नवल वाटलं ते लोडशेडिंगच्या दुपारी. वीज गेली, पंप थांबला, तरी टकटक चालूच. महिपत पुडीच्या मधोमध काळी शाई भरत होता. थोड्या वेळाने त्याच्या ध्यानात आलं, की आपली मांडी ताल धरतेय. तो बाहेर जाऊन बंबाला हात लावून आला. जाळ विझलेला, बंब गार. कोबा मात्र तापकरी माणसाच्या कपाळासारखा.

त्याने कुणाला सांगितलं नाही. काल्याला थोडेच दिवस उरले होते.

काल्याच्या सकाळी धुकं दाट होतं. मृदंग स्वरात चढवून घ्यायला महिपत शेडीत शिरला आणि सवयीने दार लावून घेतलं. वाद्या ताणल्या, पुडीवर बोट टेकलं. स्वर असा लागला, की त्याचे डोळे भरून आले. मृदंग काखेत मारून त्याने कडी काढली, दार ओढलं.

दार हललं नाही.

कडी निघाली होती. दार भिंतीचाच भाग असल्यासारखं. मृदंग खाली ठेवून त्याने पाय लावून ओढलं, खिडकीशी झटला, भागीला हाका मारल्या. आवाज चिंध्यांतच जिरत होता. कोबा पायाला पोळायला लागला.

जवळच्या देवळात टाळ सुरू झाले. बुवांचा आवाज चढला. पुन्हा आपल्यापायी कीर्तन उघडं पडणार.

आणि मृदंग वाजला.

महिपत थांबला. थाप खणखणीत होती. पडता पडता ती किंचित घसरत होती.

नवा मृदंग त्याच्या पायाशी होता, गप्प. त्याने करंगळी मुठीत घट्ट धरली.

कीर्तन रंगलं, संपलं. अंगणात पावलं आली.

"आज मृदंग बोलला हो!" कोंडूबुवा.

"पाय धुवा, बुवा. पानं वाढते." भागी.

महिपतने दोन्ही मुठी दारावर आपटल्या. "भागी! बुवा! मी हितं हाय! दार उघडा!"

बाहेर पावलं थबकली.

"तुमचे पाइप ऐका," भागी हसली. "तालात वाजतात."

"त्या पुड्या काढ म्हटलं होतं मी," बुवा म्हणाले.

महिपतने दाराला कान लावला.

उत्तर दाराला अगदी लागून आलं. तो आवाज उभ्या जन्मात फक्त महिपतच्या गळ्यातून निघाला होता.

"राहू द्या की, बुवा. पाणी फिरतंय नुसतं."

दाराच्या फटीतली एक चिंधी सैल झाली होती. बाहेरून एका आखडलेल्या करंगळीने ती नीट आत सारली.